गाडी कागदावर, भाव वाऱ्यावर

विजेवर चालणाऱ्या मोटारसायकलीचा विषय आपल्या पत्रकात कशाला, असे काही जुने कार्यकर्ते विचारतील. जिल्हा बैठकीतली भाषणे संपली की मंडपाबाहेर, लावलेल्या गाड्यांपाशी तरुण पोरांचा जो घोळका जमतो त्याच्या तोंडी सध्या हाच विषय आहे. अमकी कंपनी दिवाळीला साठ हजारांत गाडी काढणार, तमकीची एका चार्जिंगमध्ये पाचशे किलोमीटर जाणार, सरकार आणखी सूट देणार, तेव्हा आता पेट्रोलची गाडी घेणारा खुळा! ही बोलणी नुसती करमणूक असती तर आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नसतो. पण या बोलण्यावर भिस्त ठेवून कोणी कापसाचे पैसे हातात आले तरी गाडी घ्यायचे थांबतो, कोणी पाचशे-हजार भरून नंबर लावून बसतो, तर कोणी भाव वाढेल या धास्तीने रात्रीतून कर्ज काढतो. कोरडवाहू पाच एकरवाल्याच्या घरात बोअर आणि बैलजोडीच्या खालोखाल मोठा खर्च मोटारसायकलीचाच असतो. तो अंदाजावर, आणि तोही विकणाऱ्यानेच पेरलेल्या अंदाजावर होणार असेल तर हिशेब मांडायला हवा.

आधी ज्या कंपनीच्या नावाने सर्वात जास्त गवगवा आहे तिच्या तारखा पाहू. ओला इलेक्ट्रिकने १५ जुलै २०२१ रोजी ४९९ रुपये घेऊन स्कूटरची नोंदणी सुरू केली. त्या दिवशी स्कूटरचा भाव जाहीर झालेला नव्हता. तो महिन्याने, १५ ऑगस्टला कळला. म्हणजे आधी पैसे, मग भाव. गाडी ऑक्टोबरात देऊ म्हणाले होते, पहिल्या गाड्या दिल्या डिसेंबरच्या मध्याला. दोन वर्षांनी, १५ ऑगस्ट २०२३ ला, याच कंपनीने चार मोटारसायकलींचे नमुने मांडले. ते नमुनेच होते, विकायच्या गाड्या नव्हत्या. आणखी एक वर्ष गेले आणि १५ ऑगस्ट २०२४ ला तामिळनाडूतल्या कृष्णगिरीच्या कारखान्यात भाव पुकारले गेले. रोडस्टर एक्स ७४,९९९ पासून, त्यावरची रोडस्टर १,०४,९९९ पासून आणि मोठी रोडस्टर प्रो १,९९,९९९ पासून. प्रोच्या सर्वात मोठ्या बॅटरीला ५७९ किलोमीटरचा पल्ला सांगितला. पंचाहत्तर हजारांत मोटारसायकल! स्प्लेंडरच्या भावात विजेची गाडी! त्या आठवड्यात देशातल्या प्रत्येक वर्तमानपत्राने ही बातमी छापली आणि जाहिरातीचा एक रुपयाही न घेता छापली.

आता त्याच महिन्यातली दुसरी तारीख पाहा. या कंपनीचे शेअर ९ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आले, ७६ रुपयांना एक. मोटारसायकलींचे भाव पुकारले ते त्यानंतर सहा दिवसांनी. २० ऑगस्टपर्यंत शेअर दीडशेच्या वर गेला होता. एकामुळे दुसरे झाले असे सिद्ध करायला आम्ही बसलेलो नाही, शेअर बाजार हे आमचे शेतही नव्हे. पण अजून तयार न झालेल्या गाडीच्या भावाची चर्चा फक्त गिऱ्हाइकासाठी नसते, पैसा लावणाऱ्यासाठीही असते, एवढे यातून दिसते. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात हाच शेअर पन्नास रुपयांच्या खाली होता.

आणि पंचाहत्तर हजारांच्या गाडीचे काय झाले? जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत ती हातात पडेल असे सांगितले होते. ५ फेब्रुवारी २०२५ ला तिचा पुन्हा एकदा समारंभ झाला. भाव तोच, ७४,९९९, फक्त आता त्याला सुरुवातीचा, थोड्या दिवसांपुरता, असे शेपूट जोडलेले. मार्च गेला, एप्रिल गेला. २३ मे २०२५ ला पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती दिल्या तेव्हा सर्वात लहान, अडीच युनिटांच्या बॅटरीच्या गाडीचा भाव ९९,९९९ रुपये होता. पहिल्या पाच हजार गिऱ्हाइकांना दहा हजारांचे वेगवेगळे लाभ देऊ केले ते सोडा. ज्याने ऑगस्टमध्ये ७५ हजार ऐकून घरात पैसे जमवायला घेतले, त्याला मेमध्ये पंचवीस हजार कमी पडले. भाव एक तृतीयांशाने चढला, तोही त्या गाडीचा जी मधल्या नऊ महिन्यांत कोणी चालवून पाहिली नव्हती. त्याच मालिकेतली नऊ युनिटांची मोठी गाडी फेब्रुवारीत १,५४,९९९ ला सांगितली होती, ती ऑगस्टमध्ये १,८९,९९९ झाली. आणि २०२३ मध्ये नमुना म्हणून दाखवलेली डायमंडहेड? १५ ऑगस्ट २०२५ ला सांगितले गेले की ती २०२७ मध्ये येईल आणि पाच लाखांच्या आत असेल. पाच लाखांच्या आत! आमच्याकडचा बैलही पाच लाखांच्या आतच असतो.

या एकाच कंपनीला झोडपायचे म्हणून आम्ही हे लिहीत नाही. तिने इतरांना जाग आणली, विजेची स्कूटर गावातल्या शिक्षकाच्या आणि ग्रामसेवकाच्या दारात नेली, हे मान्य करायला हवे. एप्रिल २०२४ मध्ये देशात विकल्या जाणाऱ्या विजेच्या दुचाकींपैकी निम्म्याच्या आसपास तिच्या होत्या. पण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला नोटीस काढली, कारण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिच्याविषयी दहा हजारांवर तक्रारी जमल्या होत्या. बहुतेक सर्व निकाली काढल्याचे कंपनीने सांगितले. २०२५ मध्ये टीव्हीएस आणि बजाज विक्रीत तिच्या पुढे निघून गेल्या. या दोघी भाव पुकारण्यात सावकाश, विकण्यात पटाईत. ओरडणाऱ्या कोंबडीने अंडे दिलेलेच असते असे नाही, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे.

आपल्या पुण्याचेच उदाहरण घ्या. टॉर्क मोटर्स या कंपनीने २०१६ मध्ये टीसिक्सएक्स नावाची विजेची मोटारसायकल दाखवली. भाव सव्वा लाखाच्या आसपास, पल्ला शंभर किलोमीटर. मोठे कौतुक झाले, आणि व्हायलाही हवे होते, मराठी मातीतली गाडी म्हणून. त्यानंतर २०१७ गेले, १८ गेले, १९ गेले, करोना येऊन गेला. गाडी विक्रीला निघाली ती २६ जानेवारी २०२२ ला, क्रॅटॉस या नव्या नावाने. केंद्राची आणि राज्याची सूट वजा जाता महाराष्ट्रात तिचा भाव एक लाख आठ हजारांच्या आसपास, सूट न धरता एक लाख नव्वद हजारांच्या वर. २०१६ मध्ये सव्वा लाख ऐकून जो थांबला त्याने सहा पावसाळे पाहिले. त्याला शेवटी भाव कमी पडला खरा, पण तो सरकारी तिजोरीने कमी केलेला होता, कारखान्याने नव्हे.

हरियाणात गाड्या बनवणाऱ्या रिव्होल्टची तऱ्हा आणखी निराळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिने आरव्ही-४०० काढली तेव्हा भाव सांगण्याऐवजी हप्ता सांगितला. महिन्याला ३,४९९ रुपये, ३७ महिने. जाहिरातीत साडेतीन हजार दिसतात, तेवढे तर आम्ही दूधवाल्याकडून आठवड्याला उचलतो, असे वाटून माणूस पुढे होतो. गुणाकार केला तर १,२९,४६३ रुपये होतात. त्यात देखभाल वगैरे धरलेली होती, म्हणून हा व्यवहार बुडीताचा होता असे आम्ही म्हणत नाही. पण भाव लपला की तुलना करता येत नाही, आणि तुलना करता येत नसली की गिऱ्हाईक आंधळे होते. पुढे याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आरव्ही-१ ही साधी, कामाची गाडी ८४,९९० रुपयांना सरळ भाव सांगून आणली. अडीचशे किलो भार वाहील असेही सांगितले. आमच्या मते आजवरच्या गाड्यांत शेतकऱ्याच्या कामाच्या दिशेने पडलेले हे पहिले पाऊल आहे. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये इटलीतल्या मिलानला आपली फ्लाइंग फ्ली दाखवली तेव्हा भाव सांगितलाच नाही. लगेच अंदाज बांधणाऱ्यांचे पेव फुटले. न सांगितलेला भाव निदान खोटा तरी पडत नाही.

मग हे अंदाज बांधतात कशावर? तीन-चार गोष्टी कळल्या तर कोणालाही बांधता येतील, त्याला पदवी लागत नाही.

पहिली आणि मोठी गोष्ट बॅटरी. कंपन्या तिचे माप किलोवॉट-अवर असे काहीतरी सांगतात. ते घाबरण्यासारखे नाही, वीजबिलात ज्याला युनिट म्हणतात तेच ते. अडीच किलोवॉट-अवरची बॅटरी म्हणजे अडीच युनिट वीज पोटात ठेवणारी बॅटरी. जगभरच्या सरासरीने एका युनिटाच्या बॅटरीला २०१३ च्या सुमारास सहाशे डॉलरच्या वर खर्च येई. २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला, म्हणजे आपल्या पैशात साधारण पावणेदहा हजार रुपये. या हिशेबाने अडीच युनिटांच्या बॅटरीला साडेचोवीस हजार, साडेतीनच्या बॅटरीला चौतीस हजार, नऊच्या बॅटरीला अठ्ठ्याऐंशी हजार. ही सरासरी चीनमधल्या मोठ्या मोटारी धरून काढलेली आहे. दुचाकीच्या लहान बॅटरीला दर युनिटामागे खर्च जास्तच येतो. त्यावर मोटर, कंट्रोलर, चार्जर, सांगाडा, टायर, ब्रेक, दुकानदाराचे कमिशन, वाहतूक, कर. हे सगळे पंचाहत्तर हजारांत बसवायचे म्हटले तर कारखानदाराच्या हाती काय उरते? आपल्या उत्पादन खर्चाचा हिशेब आपण इतकी वर्षे मांडतो आहोत, तोच कागद त्यांच्या गाडीला लावून पाहावा. खर्चाच्या खाली भाव पुकारणारा एक तर घरातले विकून खातो आहे, नाहीतर उद्या भाव वाढवणार आहे.

बॅटरी स्वस्त होते आहे हे खरे, आणि पुढेही होईल. तेव्हा थांबणाऱ्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण बॅटरी जेवढी स्वस्त झाली तेवढी गाडी स्वस्त झाली नाही, याचे कारण दुसऱ्या गोष्टीत आहे.

ती दुसरी गोष्ट सूट, म्हणजे सबसिडी. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने फेम योजनेत दर युनिटामागची सूट दहा हजारांवरून पंधरा हजार केली, किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत. तीन युनिटांच्या गाडीला पंचेचाळीस हजारांपर्यंत मदत! जून २०२३ मध्ये ती पुन्हा दहा हजार झाली आणि कमाल मर्यादा चाळीसवरून एकदम पंधरा टक्क्यांवर आली. ३१ मार्च २०२४ ला योजनाच संपली. तिच्या जागी आलेल्या योजनेत युनिटामागे पाच हजार, गाडीमागे जास्तीत जास्त दहा हजार. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली, तीही पाच हजारांनी सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पासून अडीच हजारांवर आली, कमाल पाच हजार. दुचाकींसाठी तिची मुदत मार्च २०२६ पर्यंतच आखलेली होती. चार वर्षांत पंचेचाळीस हजारांचे पाच हजार झाले. बॅटरी स्वस्त झाल्याचा जो फायदा गिऱ्हाइकाच्या पदरात पडायचा तो सूट कमी होण्याने गिळला.

सूट कमी होताच काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मे २०२३ मध्ये देशात एक लाखाच्या वर विजेच्या दुचाकी विकल्या गेल्या होत्या, जूनमध्ये त्या निम्म्याहून कमी झाल्या. आणि सूट होती तेव्हा? दीड लाखाच्या आतल्या गाडीलाच सूट, असा नियम होता. तेव्हा चार नामवंत कंपन्यांनी चार्जरचे पैसे गाडीपासून वेगळे लावले, म्हणजे कागदावर गाडी दीड लाखाच्या आत राहिली. २०२३ मध्ये बोभाटा झाला आणि ते पैसे गिऱ्हाइकांना परत करायचे कबूल करावे लागले. आणखी सात कंपन्यांनी देशी सुट्या भागांची अट पाळली नाही म्हणून सरकारने त्यांच्याकडे ४६९ कोटी रुपये परत मागितले. शेतकऱ्याला खताची सूट मिळते म्हणून दिवाणखान्यात बसून नाके मुरडणारे लोक या वेळी कोठे होते, ते काही आम्हाला दिसले नाहीत.

सुटीवर उभा राहिलेला धंदा सूट काढली की बसतो, हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. ते साखरेला लागू आहे, खताला लागू आहे आणि मोटारसायकलीलाही लागू आहे. म्हणून पुढच्या गाडीच्या भावाचा अंदाज बांधताना सूट शून्य धरूनच बांधावा. मिळाली तर वरकड.

तिसरी गोष्ट कर. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे, १ ऑगस्ट २०१९ पासून. पेट्रोलच्या साध्या मोटारसायकलीवर तो अठ्ठावीस टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंत अठरा टक्के झाला. ट्रॅक्टरवरचा त्याच दिवशी बारावरून पाच झाला, ही आपल्या कामाची बातमी. दोन्ही गाड्यांतले कराचे अंतर तेवीसवरून तेरावर आले, म्हणजे विजेची गाडी महाग न होताही मागे पडली. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. या तिन्ही रस्त्यांवर दुचाकीला मुळात बंदी आहे. तेव्हा मोटारसायकलवाल्याने या माफीचा आनंद पुलाखालून वर बघत घ्यावा.

चौथी गोष्ट कोणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे मोटरमधले चुंबक. त्यांना लागणारी दुर्मिळ खनिजे चीनच्या मुठीत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या बजाजला चेतक स्कूटरचे उत्पादन आवरते घ्यावे लागले. आपल्याकडे ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली तेव्हा नाशिकच्या बाजार समित्यांत काय झाले ते सर्वांना माहीत आहे. निर्यातबंदी कशी बोचते, हे या निमित्ताने कारखानदारांनाही दुसऱ्या बाजूने कळले असेल.

येथे एक फरक सांगितल्याशिवाय राहवत नाही. कारखानदार गाडी तयार होण्याच्या नऊ महिने आधी भाव सांगतो. नंतर खर्च वाढला म्हणून तो भाव वाढवतो आणि लोक पैसे मोजतात. कांदा उत्पादक चार महिने राबून माल गाडीत भरतो, वाहतूक-हमाली पदरची घालून बाजार समितीत नेतो, आणि त्याचा भाव त्याला तेथे पोचल्यावर दुसराच कोणी सांगतो. दोघेही उत्पादकच. एकाच्या हाती भावाची पाटी आहे, दुसऱ्याच्या हाती फक्त पावती.

असो. आपल्याला गाडी घ्यायची की नाही, या मुद्द्यावर येऊ.

शहरातला माणूस गाडी घेतो ती ऑफिसला जायला. शेतकऱ्याची मोटारसायकल ही बिनचाऱ्याची बैलगाडी आहे. सकाळी दोन बाजूंना दोन दुधाचे कॅन, चाळीस-चाळीस लिटरचे. दुपारी खताचे पोते, फवारणीचा पंप, कधी ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे. संध्याकाळी घासाचा भारा आणि त्यावर बसलेले पोर. रस्ता म्हणजे पाणंद, पावसाळ्यात पोटरीभर चिखल. कंपनी जो पल्ला सांगते तो चाचणीच्या ठरावीक चक्रावर मोजलेला असतो, हलक्या वजनाने, बेताच्या वेगाने. दीडशे लिहिले असेल तर ओझे घालून, चढ-उतारावर शंभर धरावेत आणि बॅटरी जुनी होईल तसे आणखी कमी. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या केलेल्या बॅटरीला ते मानवत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही विजेच्या स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले. म्हणून नव्या नियमांनंतरचीच गाडी घ्यावी, जुनी वापरलेली स्वस्तात मिळते म्हणून उचलू नये.

दुरुस्तीचे आणखी निराळे. स्प्लेंडर बंद पडली तर फाट्यावरच्या बाभळीखाली बसलेला मिस्त्री पाना-पक्कड घेऊन अर्ध्या तासात चालू करून देतो. विजेच्या गाडीचा निम्मा आजार संगणकात असतो आणि त्याचे कुलूप कंपनीकडे. कंपनीचे केंद्र जिल्ह्याच्या गावी. गाडी टेम्पोत घालून न्यायची, आठ दिवस तिथे ठेवायची, तोवर दूध डोक्यावर वाहायचे की काय? हा खर्च कोणत्याही भावपत्रकात नसतो.

आता फायद्याची बाजू, कारण ती खरोखर मोठी आहे. रोज चाळीस किलोमीटर, वर्षात तीनशे दिवस, म्हणजे बारा हजार किलोमीटर धरू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि गाडी ओझ्यासह साठची सरासरी देते असे धरले तर शंभर किलोमीटरला १७३ रुपये लागतात. विजेच्या मोटारसायकलीला तेवढ्या अंतराला चार्जिंगची गळती धरून चार युनिटे लागतील. घरगुती युनिट दहा रुपयांना धरा, चाळीस रुपये. शंभर किलोमीटरमागे १३३ रुपये वाचले, वर्षात सोळा हजार. शिवाय ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही. पेट्रोलच्या गाडीपेक्षा विजेची गाडी तीस हजारांनी महाग असली तरी दोन वर्षांत बरोबरी होते, आणि तिसऱ्या वर्षापासून शिल्लक. पण ही शिल्लक बॅटरी किती वर्षे टिकते यावर आहे. ती पाच वर्षांत बदलावी लागली आणि चाळीस हजार पडले, तर वर्षाला आठ हजार तिकडे गेले. उरले आठ हजार. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटरच फिरणाऱ्याच्या बाबतीत तर तेही उरत नाहीत. त्याने जुनीच गाडी चालवावी.

म्हणजे कोण घेऊ शकेल? रोज ठरलेल्या वाटेने पस्तीस-पन्नास किलोमीटर जाणारा दूधवाला, भाजी घेऊन तालुक्याच्या बाजाराला जाणारा, गावठाणात राहणारा, ज्याच्या तालुक्यात कंपनीचे दुरुस्ती केंद्र आहे असा. त्याने थांबायचे कारण नाही, बाजारात आज उभी असलेली गाडी ओझे घालून चालवून पाहावी आणि घ्यावी. बाकीच्यांनी घाई करू नये.

पुढच्या भावांविषयी आमचा अंदाज विचाराल तर तो असा. तीन-साडेतीन युनिटांची, दीडशे किलो ओझे खरोखर सोसणारी मोटारसायकल सूट न धरता नव्वद हजार ते सव्वा लाख या पट्ट्यात राहील. त्याखालचा भाव ऐकलात तर आधी बॅटरी किती युनिटांची ते विचारा, चार्जर भावात आहे का ते विचारा, आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत ते विचारा. दोन लाखांच्या वरच्या गाड्या आपल्यासाठी नाहीत, त्यांची छायाचित्रे पोरांनी खुशाल भिंतीवर लावावीत. बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि नवी बॅटरी आज केवढ्याला मिळते, हे दुकानदाराकडून पावतीच्या मागे लिहून घ्यावे. लिहून द्यायला जो कां-कूं करील त्याच्याकडून गाडी घेऊ नये. आणि भाव जाहीर झाल्याशिवाय नोंदणीचे पैसे भरू नयेत, मग ते ४९९ का असेनात.

राहिला विजेचा प्रश्न, आणि आमच्या दृष्टीने तो गाडीच्या भावापेक्षा मोठा आहे. गावठाणात राहणाऱ्याला घरगुती जोडणी आहे, तो रात्री गाडी लावून झोपेल. पण बरेच शेतकरी शेतातल्या वस्तीवर राहतात. तिथे शेतीपंपाच्या वाहिनीवरची वीज, तीही आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून बिलमाफी आहे, तेव्हा स्टार्टरच्या पेटीतून वायर काढून गाडी लावली तर बिघडले कुठे, असे कोणाला वाटेल. बिघडेल. शेतीची जोडणी शेतीसाठीच आहे. वेगळ्या कामाला वापरली तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाचे बिल येऊ शकते आणि गाडीत वाचलेले सगळे तिथे जाऊ शकते. रीतसर मार्ग म्हणजे वस्तीवर वेगळी घरगुती जोडणी मागणे. ती मागणारे अर्ज पोल नाहीत, लाइन लांब आहे, अंदाजपत्रकाचे पैसे भरा अशी उत्तरे घेऊन परत येतात.

येत्या जिल्हा बैठकीत वस्तीवरच्या घरगुती जोडणीचा विषय घेतला आहे. ज्यांनी असा अर्ज केला असेल त्यांनी अर्जाची पोच, कार्यालयाने दिलेले उत्तर किंवा अंदाजपत्रक यांची झेरॉक्स आणि पंपाच्या शेवटच्या बिलाची प्रत बरोबर आणावी. तालुकाप्रमुखांनी आपापल्या तालुक्यात अशा वस्त्या किती आणि त्या जवळच्या गावठाण वाहिनीपासून किती अंतरावर आहेत, याची यादी दुपारच्या सत्राआधी टेबलावर द्यावी.